गिरणी रिकामी फिरवायची नसते

माझ्या आईच्या भुवया काळ्या असायच्या त्या फक्त सकाळी, आंघोळ करून घरातून निघेपर्यंत. दुपारी शाळेतून येताना मी गिरणीत डोकावायचे तेव्हा त्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. भुवया, पापण्या, कानावरची लव, सगळ्यावर पीठ. ती हसली की गालावरचं पीठ चिरायचं आणि आतून तिचा सावळा रंग दिसायचा. तिच्या लुगड्याला डिझेलचा, तापलेल्या दगडाचा आणि नुकत्या दळलेल्या बाजरीचा असा एक मिळून वास यायचा, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच आयांना असा वास येतो. आता भिंगारला माझ्या घरी पीठ प्लास्टिकच्या पिशवीतून येतं. त्याला कसलाही वास नाही. सून म्हणते, "आई, पीठ ते पीठ, त्यात काय एवढं?" मी मनातून खवळते.

आमचं गाव देवळाली प्रवरेच्या अलीकडे, चारी अंगांनी ऊस. उसाच्या गावात पैसेवाल्याला धान्य विकत घ्यायचं काही वाटत नाही, पण रोजानं खुरपायला जाणाऱ्या बाईला वाटतं. म्हणून बायांची एक सहकारी संस्था निघालेली होती. सुगीत ज्वारी-बाजरी-गहू एकदम घेऊन ठेवायचे, वर्षभर सभासदांना त्याच भावानं द्यायचे आणि दळायला स्वतःची गिरणी. सभासद फक्त बाया. एकेकीचा एकेक शेअर, तसा माझ्या आईचाही. कागदावर चेअरमन होत्या काकू, पण खुर्चीत बसायचे काकूंचे मालक, आप्पा. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही, काकूंनाही नाही. आप्पांचा ऊस, आप्पांची विहीर, आप्पांचा ट्रॅक्टर. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तेही आप्पांच्याच उसाला पाणी धरायचे. आणि आप्पा माणूस गोड होता हो! कधी आवाज चढवणार नाही, कुणाला वाकडा शब्द बोलणार नाही. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे भांडणाऱ्यालाच लाज वाटते, ही खरी अडचण.

आई गिरणीवर कशी आली, तर नाइलाजानं. म्हणजे गावाच्या नाइलाजानं. आधीचा गिरणवाला पुण्याला कंपनीत लागला आणि इंजिनला हँडल मारणारं गावात कुणी उरलं नाही. पोरं दोन-चार फेरे मारून हात चोळत बसायची. आई तेव्हा गिरणीत झाडायला जायची. तिनं पदर खोचला, हँडल बसवलं, आणि इंजिन पुक्-पुक् करून धूर टाकायला लागलं. झालं, त्या दिवसापासून गिरणी तिची. पण आम्ही बौद्धवाड्यातले. पहिले काही आठवडे गावातल्या बाया डोक्यावर दळण घेऊन देवळालीला चालत गेल्या, पण तिच्या हातचं पीठ नको. मग उन्हाळा आला, मानेचे तुकडे पडायला लागले, आणि एकेक डबा गुपचूप गिरणीच्या ओट्यावर येऊन बसला. सगळ्यात शेवटी आली तानूबाई. ही म्हातारी कायम नाकानं कांदे सोलायची. आपल्या गव्हाआधी कुणाची बाजरी दळली असेल तर हिला चालायचं नाही, आणि पिठाचा डबा घरात नेण्याआधी उंबऱ्यावर त्याच्यावर पाणी शिंपडायची. आई ते बघायची. एकदा तिच्या तोंडावर म्हणाली, "तानूबाई, डब्यावर शिंपडू नगा, आतल्या पिठावर शिंपडा. हात तर पिठाला लागलाय माझा." तानूबाईनं डबा उचलला आणि चालती झाली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आली, कारण आईसारखं दळण आख्ख्या पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं.

घरात आमच्या तीनच माणसं. दादा, आई आणि मी. पत्र्याचं घर, समोर शेवग्याचं झाड, आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली आईची कोरडी ठेवलेली धान्याची कोठी. संध्याकाळी आई भाकऱ्या थापायची, तिखटजाळ आमटी करायची, कधी शेंगदाण्याचा कूट घालून शेवग्याच्या शेंगा. दादा पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मंजूर!" आम्ही तिघं हसायचो. हा शब्द त्यांनी संस्थेच्या सभेतून आणला होता, आणि सभेत लोक तो कसा वापरायचे ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

संस्थेची वर्षाची सभा गोदामात भरायची. समोर टेबल, त्यावर हार, कर्ण्याचा माइक. पुढे सतरंजीवर बसायचे ते सगळे पुरुष, म्हणजे सभासद बायांचे नवरे. आणि खुद्द सभासद कुठं? त्या मागच्या अंगणात, चुलींपाशी. कारण सभा म्हणजे जेवण. मोठ्या पातेल्यात लापशी, दुसऱ्यात वांग्या-बटाट्याची भाजी, आणि तीन दगडांच्या चुलींवर भाकऱ्या. सेक्रेटरी, म्हणजे आप्पांचा भाचा, विषय वाचायचा, तेही असं भरभर की जणू कुत्रं मागं लागलंय. वाचून दम घ्यायला थांबला की सतरंजीवरून आरोळी यायची, "मंजूर!" आणि ती आरोळी ऐकली की मागच्या अंगणातून बायाही ओरडायच्या, "मंजूर!" त्यांना विषय काय ते ठाऊक नसायचं. किती आरोळ्या झाल्या यावरून जेवायला किती वेळ राहिला हे त्यांना कळायचं, एवढंच. आरोळी झाली की लापशी हलवायची, पुढची झाली की पत्रावळ्या काढायच्या. हसत-खेळत चालायचं सगळं. गावातली पोरं भातुकली खेळतानासुद्धा मंजूर-मंजूर ओरडायची.

आई मात्र त्या चुलींपाशी कधी नसायची. सभेच्या स्वयंपाकाचं पीठ तिनं दळायचं, पण भाकरी तिनं थापायची नाही. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. "अंजना, तुझं काम झालं, तू बस जा निवांत," एवढंच काकू म्हणायच्या, तेही मायेनं. मला आज सत्तरी जवळ आली तरी ते "निवांत" आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. तर ती दळण उरकून गोदामाच्या दारात, उंबऱ्याला टेकून निवांत बसायची. त्यामुळे असं झालं की त्या आख्ख्या संस्थेत सभेतला शब्दन्‌शब्द ऐकणारी सभासद एकटी माझी आई. तिला चुलीपासून लांब ठेवणाऱ्यांच्या हे डोक्यातच आलं नाही.

त्या वर्षी सभेच्या आधी दादा घरी आले ते पडल्या तोंडानं. जेवताना मंजूर म्हणाले नाहीत. आईनं विचारलं, "काय झालं? मीठ कमी हाय का?"

"गिरणी ठेक्यानं द्यायची म्हनत्यात," दादा म्हणाले. "नगरचा कोन तरी व्यापारी हाय. आप्पांच्या वस्तीवर आल्ता. धान्याचं बी तोच बघनार. त्याचा मानूस बसंल गिरणीवर."

"आन मी?"

दादा भाकरी चुरत म्हणाले, "आप्पा म्हनले, समद्यांना चालंल असा मानूस ठिवू."

आईच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. ती रागानं बोलायची तेव्हा तिचा आवाज उलट खाली यायचा. "समद्यांना चालंल असा. आन मी इतकी वर्सं कुनाच्या पोटात चालले मग?" मग म्हणाली, "बायांची संस्था हाय. बाया न्हाई म्हनतील."

दादा हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "बाया काय म्हनतात ते म्हाईत न्हाई का तुला? लापशी हालवत मंजूर म्हनतात. शोभीची आई, गप ऱ्हा. माझं बी काम हाय तितं."

ती गप्प राहिली खरी. पण माझी आई गप्प राहिली म्हणजे तिनं ऐकलं असा अर्थ कधीच नव्हता. गावातलं कुणी तिला आमच्या जुन्या जातीच्या नावानं हाक मारली तरी ती अशीच गप्प राहायची. ओ द्यायचीच नाही. हाक मारणाऱ्याचा घसा सुकायचा, मग तो "अंजनाबाई" म्हणायचा, की ही वळून बघायची. त्या गप्पपणाला मी पोरवयात फार घाबरायचे.

सभेच्या दिवशी आईनं दळण उरकलं, इंजिन बंद केलं आणि नेहमीच्या जागी उंबऱ्यावर बसली. मी तिच्या शेजारी. मी तेव्हा बारावीला होते. मागून भाजीच्या फोडणीचा ठसका येत होता, बांगड्या आणि हशा ऐकू येत होता. सेक्रेटरी वाचत सुटला. मागचा अहवाल, मंजूर. हिशेब, मंजूर. मग त्याच दमात, "विषय पुढचा, संस्थेची गिरणी व धान्य विभाग ठेका पद्धतीने चालविण्यास देणेबाबत." सतरंजीवरून आरोळी आली, "मंजूर!" आणि मागून, लापशीच्या वाफेतून, सगळ्या सभासद बायांनी हसत-हसत आपली गिरणी देऊन टाकली, "मंजूर!"

आई उठली. "ह्ये मंजूर न्हाई."

गोदामात सगळ्या माना वळल्या. आप्पा कर्ण्यातून म्हणाले, "अंजना, झालं बाई ते. मंजूर झालं. मागनं बी आवाज आला की, तू ऐकला न्हाई का?"

"ऐकला की. मागं लापशी मंजूर झालीय, आप्पा, गिरणी न्हाई. आन हितं सतरंजीवर बसल्यात त्यातला एक तरी सभासद हाय का? असंल तर हात वर करावा."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. आप्पांचा चेहरा हसराच होता. त्यांनी दादांकडे बघितलं. दादा आप्पांची पिशवी घेऊन त्यांच्या मागे उभे होते. "अरे, ने तिला घरी. ऊन लागलंय तिला. चल रे, पुढचा विषय."

दादा हलले नाहीत. मान खाली घालून पिशवी धरून उभे राहिले, पण हलले नाहीत. एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. आई मात्र हलली. ती वळली आणि शेजारच्या खोलीत, गिरणीत गेली. पदर खोचला, हँडल लावलं, आणि इंजिन धडधडायला लागलं. पट्टा फिरला, गोदामाचे पत्रे थरथरायला लागले. सेक्रेटरीचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज शून्य. आप्पांनी माइकवर टकटक केलं. त्याचाही आवाज नाही. कुणी पुढं येऊन इंजिन बंद करावं तर ते कसं बंद करायचं हे तिथं फक्त आईला ठाऊक, आणि ती हातात हँडल घेऊन दारात उभी.

आता गिरणी रिकामी फिरवायची नसते. दाणे संपले की दगडावर दगड घासतो, दगडाला छिन्नीनं पाडलेली टाकी जाते, पुढचं सगळं पीठ कचकच लागतं. आई हे प्राणापलीकडे पाळायची. तिनं सभेच्या भाकऱ्यांची उरलेली बाजरी आधीच गिरणीच्या तोंडात ओतली होती. ती संपत आली तशी तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी घरी पळाले, फोटोखालची कोठी उपडी केली, होती नव्हती ती ज्वारी पिशवीत भरून आणली. ती पडली गिरणीत. तोवर आप्पा दारात येऊन उभे राहिले होते, हाताची घडी घालून. त्यांना गिरणीची माहिती होती. माझ्या कानाशी वाकून ते गोड आवाजात म्हणाले, "संपू दे, पोरी. तुझी आई काय दगडाला दगड घासू देनार न्हाई." आणि ते खरं होतं. आमची ज्वारी संपली की तिला इंजिन बंद करावंच लागणार होतं, आणि इंजिन बंद झालं की सभा उरकणार, ठरावावर सह्या होणार, म्हणजे गिरणीही गेली.

मला काय सुचलं देव जाणे, देव मी मानत नाही तरी म्हणते. मी मागच्या अंगणात गेले आणि जिथं आम्हाला जायची कधी गरज पडत नव्हती त्या चुलींच्या मध्ये उभी राहून बोंबलले. "तुमी आत्ता काय मंजूर केलं म्हाईत हाय का? गिरणी ठेक्यानं दिली! धान्य बी! नगरचा व्यापारी येनार! आई गिरणी चालू ठिवून सभा आडवून बसलीय आन दाणं संपाय लागल्यात!"

भाकऱ्या थापणारे हात थांबले. सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या, आणि काकू पातेल्याकडे. त्या क्षणी मला वाटलं, गेलं सगळं. मग तानूबाई उठली. हो, तीच. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बया! माझी गिरणी मला न इचारता? आन मी त्या नगरवाल्याच्या हाताखाली दळनाला रांग लावू व्हय? मेल्यांनो!" आईच्या प्रेमानं नाही उठली ती, हे मी स्वच्छ सांगते. आपल्या दळणासाठी उठली. पण उठली. तिचं घर गोदामाच्या पाठीलाच. ती गेली आणि गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन आली, तोच डबा, पाणी शिंपडायची तो. गिरणीत येऊन आईला ओरडून म्हणाली, "ओत, अंजने!"

"आधी ज्वारी पडलीय आतमदी!" आई ओरडली.

"पडू दे! ओत म्हन्ते ना!"

मग एकीला बघून दुसरी. पिठाच्या हातांनी बाया घराकडे पळाल्या, डबे, सुपं, पिशव्या घेऊन आल्या. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, कुणी तर मटकीसुद्धा. आई ओततेय आणि खालच्या पोत्यात सगळ्या घरांचं पीठ एकात एक पडतंय. कुणाचं कुठलं, कुणाच्या बापाला वेगळं काढता आलं नसतं. तिथं आमच्या फोटोखालची ज्वारीही होती. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी रडत होते आणि पीठ डोळ्यांत जाऊन चिखल होत होता. आप्पांच्या हातांची घडी सुटली. ते आधी कुणाकडे तरी बघून हसले, मग घड्याळात बघितलं, मग आत जाऊन खुर्चीत बसले.

शेवटी काकू आल्या. हात कोपरापर्यंत पिठाचे, कपाळावर केस चिकटलेले. दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, "बंद कर, अंजना. सभा घ्यायचीय." आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. काकू टेबलापाशी गेल्या. आप्पा बसले होते. काकू म्हणाल्या, "उठा." एवढंच. आप्पांना वाटलं असावं आपण ऐकण्यात चुकलो. ते बसूनच राहिले. काकू पुन्हा म्हणाल्या, "उठा म्हन्ते. चेअरमन मी हाय." आणि आप्पा उठले. पुरुषांना सतरंजी सोडावी लागली. ते मागच्या अंगणात जाऊन चुलींपाशी उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना. सभासद सतरंजीवर बसल्या. आई उंबऱ्यावरून आत आली. सेक्रेटरीनं गिरणीचा विषय पुन्हा वाचला. काकूंनी विचारलं, "कोनाला पायजे ठेका?" एक हात वर नाही. "कोनाला नको?" झाडून सगळे हात वर, बोटांवर ओलं पीठ लगडलेलं, काही ठिकाणी सुकून पापुद्रे सुटलेलं.

याचा भुर्दंड आम्हाला पडला. आप्पांनी दादांना कामावरून काढलं, अगदी गोड बोलून. "जरा थांब काही दिवस," म्हणाले. ते थांबणं कधी संपलं नाही. दादांनी वर्षभर मिळेल तिथं राबून काढलं. आईला एका शब्दानं बोलले नाहीत. आमची कोठी रिकामी झालेली, ती भरायला वेळ लागला. आणि त्या सरमिसळ पिठाचं काय करायचं हा घोळ झाला, तेव्हा ते संस्थेनं ठेवून घेतलं आणि पुढे धपाटे करून वाटले. तानूबाईनं धपाटे खाल्ले. डब्यावर पाणी शिंपडणं काही सोडलं नाही. माणसं एका दिवसात बदलतात असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आजकाल शहरातल्या संस्थांच्या सभांना मी जाते, तिथंही लोक आधी जेवणाचा वास घेतात आणि मग हात वर करतात. मी उठून विचारते, हा विषय काय आहे ते कुणी सांगेल का? लोकांना वाटतं, ही म्हातारी भांडखोर आहे. आहेच मी. अंजनाबाईची आहे.

पण त्या दिवसातली मला सगळ्यात जपून ठेवावी वाटते ती गोष्ट निराळीच. हात खाली आले, बाया जिंकल्या, गलका झाला आणि सगळ्या सवयीनं उठायला लागल्या. भाकऱ्या राहिल्या होत्या ना! काकू टेबलामागून आल्या, आईजवळ थांबल्या, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चल अंजना. तू बी थाप आज भाकरी आमच्यासंगं."

सगळ्या थबकल्या. इतक्या वर्षांत तिला चुलीपाशी बोलावणं कधी आलं नव्हतं. मला वाटलं, आई आता रडेल, नाहीतर काकूंच्या हातात हात देऊन जाईल, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

आई सतरंजीवर मांडी घालून बसली होती, ती उठली नाही. म्हणाली, "न्हाई काकू. भाकरी मी माझ्या घरी थापते. हितं मी सभेला आलेय, आन सभा अजून संपली न्हाई." मग सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बसा समद्याजनी खाली. विषय राहिल्यात." आणि सेक्रेटरीकडे वळली. "वाच रे लेकरा. आन सावकाश वाच, आज ऐकनारी मानसं बसल्यात."

काकू परत खुर्चीत जाऊन बसल्या. तानूबाई बसली. एकेक करून सगळ्या बसल्या. सेक्रेटरीनं घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा शब्द तोडून तोडून वाचायला लागला. मागच्या अंगणातून लापशी करपल्याचा वास आला. तो सगळ्यांना आला. एकही बाई उठली नाही.